तेरवीपर्यंत राखलेला बेड

अकोल्याच्या त्या डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. काही बिघडलं की अमरावतीहून एसटीत बसायचं काम माझं. त्या दिवशी तक्रार अशी की बेड रिकामा आहे, पण सिस्टीम त्यावर नवा पेशंट घेत नाही.

पोचलो तर बाकड्यावर मूर्तिजापूरचे एक टेलरचाचा बसलेले, पाय सुजलेले, शेजारी बायको. ते वेटिंगवर होते. एखादा बेड सिस्टीममध्ये मोकळा झाला तरच त्यांना मशीन मिळे; नोंदीशिवाय ते सुरू करता येत नव्हतं. "आज तरी लागते का आमचा नंबर, भाऊ?" त्यांनी विचारलं. "पायतो," मी म्हटलं.

ज्या बाईंच्या नावावर तो बेड होता, त्या मागच्या आठवड्यातच वारल्या होत्या. काउंटरवरच्या ताईंनी सिस्टीममध्ये तशी खूण केली होती, तरी यादीत नाव तसंच.

"मंग नाव जात नाही हे तवाच कळवलं काहून नाही?" मी तडकलो.

"मले वाटलं तुमीच तसं ठेवलं," ताई म्हणाल्या. "कागद होता तवाही तेरवी होईपर्यंत आमी नाव खोडत नव्हतो. बरं नाही दिसत ते."

मी कपाळाला हात लावला. सुतक पाळायला सॉफ्टवेअर काय भावकीतलं आहे?

आधी मी भलतीकडेच शोधत बसलो. दिवस त्यातच गेला. घोळ असा होता : आमच्याच एका शहाण्यानं मूळ टेबलात, म्हणजे पेशंटची सगळी माहिती साठते त्या तक्त्यात, 'मृत' हा नवा रकाना टाकला होता. पडद्यावरची यादी मात्र 'व्ह्यू'मधून, म्हणजे त्या टेबलाकडे बघायच्या एका ठरावीक खिडकीतून यायची, आणि व्ह्यू बनवला तेव्हा टेबलात जे रकाने होते तेवढेच त्याला ठाऊक. टेबल बदललं की व्ह्यू रिफ्रेश करावा लागतो. तो कुणी केलाच नव्हता. ताईंची खूण टेबलात बसली होती, व्ह्यूला तिचा पत्ता नव्हता.

एका ओळीची कमांड दिली. नाव गेलं, बेड मोकळा झाला. तोवर चाचा संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले होते, आणि त्यांचा फोन लागेना.

मी रात्री अकोल्यातच थांबलो. सकाळी ताईंनी माझ्यासमोरच परत फोन लावला. चाचांच्या बायकोनं उचलला.

"अब काहे का नंबर, बेटी. रात को गए वो."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण तो काढायचा कोणावर?

ताईंनी वेटिंगमधलं चाचांचं नाव उघडलं. 'मृत'च्या रकान्यात खूण केली. नाव लगेच गेलं.

"आता बरोबर चालून राहिलं," त्या म्हणाल्या.