आतल्या बाजूची कडी

पालोम्बा आत्या एरवी कुणाच्या बापाला भीत नसे. ग्रीसमधल्या सलोनिकाच्या मासळीबाजारात तिला येताना पाहून विक्रेते आधीच भाव उतरवत. पण पेसाहच्या रात्री, आम्हा यहुद्यांच्या इजिप्तमधून सुटकेच्या सणाला, जेवणाआधी तिचे हात गार पडत.

त्या रात्री आमच्याकडे एक सोंग असतं. घरातला एकजण बिनखमिराच्या भाकऱ्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून बाहेर जातो आणि दार वाजवतो. आतून विचारायचं, कुठून आलास? त्यानं म्हणायचं, मिसरातून, गुलामीतून. मग दार उघडायचं आणि हसत जेवायला बसायचं. कडीला आत्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जर्मनांनी आमची वस्ती कुंपणात कोंडली, तेव्हा आत्या आणि तिची धाकटी बहीण लूना एक गाठोडं घेऊन तिथून निसटल्या. ओळखीच्या एका घराचं दार त्यांनी वाजवलं. आतून बाईनं विचारलं, कोण? यांनी नावं सांगितली, आणि आतला दिवा विझला. लूना रडत आईकडे परत गेली आणि आईबरोबरच तिलाही मृत्युछावणीकडे जाणाऱ्या आगगाडीत कोंबलं. आत्या डोंगरात आमच्या वडिलांकडे पळाली, म्हणून जगली. तेव्हापासून दर पेसाहला तिला दारावर लूनाची थाप ऐकू येई. दिवा विझवणाऱ्या त्या बाईला ती इतक्या शिव्या घाली, की प्रार्थनेच्या आधी आम्हाला त्याच पाठ झाल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी अल्बेनियातून कागदपत्रांविना डोंगर ओलांडून आलेल्यांची शहरात धरपकड चालू होती. आम्ही जेवायला जमलो होतो. दार वाजलं. आत्यानं विचारलं, "कुठून आलास?"

उत्तर आलं नाही. माझा भाऊ पेपो आपलं वाक्य विसरला असेल, असं मी म्हणतेय तोच तो स्वयंपाकघरातून आला. गाठोडं त्याच्या खांद्यावरच होतं; तो अजून बाहेर गेलाच नव्हता.

त्यानं खिडकीतून पाहिलं. पायरीवर पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी उभी होती, आणि कोपऱ्यावर पोलिसांची गाडी.

"आत्या, उघडू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "अशांना आसरा दिला तर आत टाकतील मला. माझी पोरं लहान आहेत गं."

आत्याचा हात कडीवर होता, पण कडी सरकेना. थाप पुन्हा पडली, आधीपेक्षा हलकी. मला पेपोचा नाही, आत्याचा राग आला. सुटलेल्यानं दार उघडायचं असतं, हे आजवर आम्ही नुसतं तोंडानंच म्हणत होतो की काय?

तेवढ्यात आत्यानं दुसरा हात भिंतीकडे नेला आणि दिवा मालवला.

आम्ही अंधारात उभे राहिलो.

"अगं बाई," आत्या पुटपुटली. "मीही विझवला की."

मग कडी सरकल्याचा आवाज आला. "ये गं," ती बाहेर म्हणाली. "कुठून आलीस ते राहू दे. आधी जेव."

पेपो धुसफुसत राहिला, पण आपली खुर्ची त्यानंच मुलीला दिली. सकाळी आपल्या गाडीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसवून तिला ओळखीच्या गावी पोचवलं, तेही त्यानंच.

त्या बाईला शिव्या घालणं आत्यानं सोडलं. थाप मात्र थांबली नाही. पुढच्या पेसाहला मी विचारलं, लूना आली का?

"आली," आत्या म्हणाली. "आता आतल्या बाईचा श्वासही ऐकू येतो. माझ्यासारखाच आहे."

आणि पेपो गाठोडं उचलायच्या आधीच तिनं दार सताड उघडून ठेवलं.