डाव्या हाताची करंगळी

माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांची एकच आठवण होती. डाव्या हाताची अर्धी तुटलेली करंगळी. गिरणीत साच्यात सापडून ती गेली होती, आणि शिमग्याला गावी आलेल्या बापाचं बोट धरून चालताना चार वर्षांच्या पोराच्या मुठीत नेमकं तेच यायचं. पुढच्या शिमग्याला बाप आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मुंबईत बाई ठेवली, आम्हाला टाकलं, हे वडील आम्हाला सांगत. सही करताना ते बापाच्या नावाचं अक्षर गाळत. एकदा बँकेतल्या माणसाने ते लिहायला सांगितलं, तर खातं न उघडताच परत आले.

या रागापायी ते मुंबईला गेले नाहीत. गावातले त्यांच्या वयाचे सगळे गेले, गिरणीत, गोदीत, छापखान्यात लागले. वडील चिरेखाणीत राहिले. जांभा कापून कापून त्यांचे खांदे वाकले, छातीत लाल धूळ बसली, शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं झोपता येत नव्हतं. माझ्या भावाला मुंबईत नोकरी लागत होती, तेव्हाही त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. "तिकडे गेलेला माणूस माणूस राहत नाही," म्हणाले. भाऊ मग पाली बाजारात दुसऱ्याच्या दुकानात उभा राहिला, तो अजून उभा आहे.

वडील गेल्यावर चौथ्या वर्षी भावाच्या मुलीला जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी पणजोबाचा जुना पुरावा हवा झाला. भावाला दुकान सोडवत नव्हतं. मी शाळेतून निवृत्त होऊन रत्नागिरीतच राहत होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मला आधी वाटलं, जनगणनेत सगळं सापडेल. इंग्रजांच्या काळापासून माणसं मोजतात, तर आमचंही घर कुणीतरी मोजलं असेल. विचारल्यावर कळलं, तिथे माणसं नसतात, नुसते आकडे असतात. घराघराचे कागद कुणाला दाखवत नाहीत, आणि तेवढे जुने तर ठेवलेलेही नाहीत. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या बघायला सांगितलं. त्यांना कोतवाल बुक म्हणतात. पानं वाळक्या पिंपळपानासारखी झालेली, अक्षर मोडी. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना बरोबर नेलं. दोन आठवडे आम्ही गावची मेलेली आणि जन्मलेली माणसं चाळत होतो. ताप, हगवण, देवी, ताप, ताप. एका पावसाळ्यात एकाच घरची तीन मुलं. शेवटी आजोबा सापडले, पण नावाने नाही. अमक्या कुणब्यास मुलगा झाला, एवढंच. मुलांची नावं लिहायची पद्धतच नव्हती.

पुरावा म्हणून तेवढं पुरलं. अडलं ते वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे हयात की मयत ते लिहायचं होतं. भावाने आजोबांच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलं होतं. कारकून म्हणाला, "ताई, असं चालत नाही. दोन्हीपैकी एक लिहा."

"मयत लिही ना," भाऊ फोनवर म्हणाला. "सव्वाशे वर्षांचा होऊन कुठे बसलाय तो!"

त्याचं बरोबर होतं. पण मला ते असं अंदाजाने लिहवेना. गावच्या वहीत त्यांचा मृत्यू नव्हता. मला वाटलं, आजीने तेव्हा कुठे शोधायला सांगितलं असेल, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. शहरातल्या जुन्या वाचनालयात रत्नागिरीच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे बांधीव अंक होते. स्वातंत्र्याच्या आधीच्या दोनतीन वर्षांचे गठ्ठे मी मागवून घेतले. तांदळाची टंचाई, बोटींच्या वेळा, नाटकांच्या जाहिराती, कुणाकुणाचे सत्कार. आमच्यासारख्या लोकांचं नाव त्यात यायचं ते बुडाल्यावर, नाहीतर चोरी केल्यावर.

शिमग्याच्या सुमाराच्या एका अंकात, आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली एक बातमी होती. हातखंब्याच्या अलीकडे रस्त्यालगत एका इसमाचं प्रेत सापडलं. तो बंदरावर उतरून पायी जात असावा. अंगावर जखम नाही, ताप भरून मेला असावा. जवळ सामान नव्हतं. आसपासच्या गावांतून माणसं बोलावून दाखवलं, पण कुणी ओळखलं नाही, म्हणून तिथेच रस्त्याकडेला पुरलं. खूण म्हणून लिहिलं होतं, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली आहे.

मी ते बोट ठेवून पुन्हा वाचलं. शेजारी एक मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसला होता, त्याने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी रडत होते ते मला त्यावरून कळलं.

वडिलांचा बाप त्यांना टाकून गेला नव्हता. घरी येत होता. आमचं गाव तिथून दोनतीन कोसांवर. आणि वडील हे न कळताच गेले.

घरी आल्यावर डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. आसपासच्या गावांतून माणसं बोलावली होती. मग आमच्या गावातून कुणी गेलं नाही? शिमग्याला ज्याची वाट बघत होते, त्याच्या घरचं कुणीच नाही?

हे विचारायला एकच माणूस उरलं होतं. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नव्वदीच्या घरातली, पालीच्या पुढे तिच्या सासरच्या गावात लेकासुनेजवळ राहायची. मी गेले तेव्हा ती पडवीत रातांबे फोडत बसली होती, मनगटापर्यंत हात लाल. सून काजूच्या बागेत गेली होती. मी तिच्याजवळ बसून दोन रातांबे फोडले आणि सरळ विचारलं.

"आत्ये, आजोबा शिमग्याला येताना वाटेत वारले काय गो?"

तिने वर बघितलं नाही. "कुणी सांगितलान तुला?"

"जुन्या पेपरात आलंय."

"पेपरात? आमचं?" तिला त्याचंच नवल वाटलं. मग तिने हातातला रातांबा पाटीत टाकला आणि लुगड्याला हात पुसले. ते डाग निघत नाहीत हे ठाऊक असूनही पुसत राहिली.

"आमाला बोलवायला कोतवाल आलता," ती म्हणाली. "सकाळची येळ. म्हणाला, म्हमईवाला कोण तरी वाटेत मेलाय, तुमचा यायचा हाय ना? काका गाडी घेऊन घाटावर गेलेला. घरात आमीच. आवशीनं तुज्या बापसाला शेजारी ठेवलान नि मला हाताला धरलान."

ती तेव्हा सातआठ वर्षांची होती. उन्हातून चालत गेल्या. आंब्याच्या झाडाखाली प्रेत गोणपाटाने झाकलेलं होतं. पोलीस पाटील होता, एक हवालदार होता. दोन दिवस उन्हात राहून तोंड सुजलं होतं, काळं पडलं होतं. आत्याने तोंडाकडे बघितलंच नाही. तिने हात बघितला.

"मी वराडणार, तेवढ्यात आवशीनं माजा दंड असा आवळलान. नखं रुतली. नि हवालदाराला म्हणाली, ह्यो आमचा न्हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आजी असं म्हणाली?"

"म्हणाली, माजा घोव म्हमईला हाय, धड हाय. ह्यो दुसरा कोण तरी. पाटलानं पुन्यांदा इचारलान, तरी तेच."

परतताना वाटेतल्या पऱ्ह्यावर आजी बसली. तोंडावर पाणी मारत राहिली, किती वेळ ते आत्याला आठवत नव्हतं. मग तिने मुलीला समोर उभं केलं.

"म्हणाली, काय बगितलंस? मी म्हटलं, बाबा. तर एक थोबाडीत मारलान. पुना इचारलान, काय बगितलंस? मी म्हटलं, काय न्हाय. मग जवळ घेतलान. म्हणाली, भावाला पण न्हाय सांगायचं. कदीच न्हाय."

"पण का, आत्ये?"

"काका," आत्या म्हणाली आणि तिने मागे दाराकडे बघितलं. मग बोलू लागली तेव्हा आवाज खाली होता, जणू तो माणूस अजून माजघरात आहे. हा आजीचा दीर. त्याची बायको आदल्या वर्षी मेली होती. पाय घसरून पडली म्हणून सांगितलं, पण तिच्या अंगावरचे वळ सगळ्या वाडीने बघितले होते. जमीन त्याच्या हातात, जनावरं त्याच्या हातात. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, आणि घरातल्या घरात लागला तर सगळ्यांना बरंच वाटे.

"घोव मेला म्हटला आस्ता तर वरीसभरात काकानं पाट लावला आस्ता तिच्याशी. घोव जिता हाय, मग कोण लावील? तिला मार खायाचा नव्हता, बाय. तिनं त्या बायचे हाल बगितले व्हते."

त्या वर्षी शिमग्यानंतर मुंबईत आजोबांबरोबर गाळ्यात राहणाऱ्या माणसांनी सांगितलं की तो तर पेटी घेऊन बोटीत बसला होता. मग घरी का नाही आला? गावाने हळूहळू उत्तर काढलं, वाटेत उतरला असेल, कुणीतरी बाई असेल. आजीने ते ऐकलं आणि उचलून धरलं. पुढे तीच चारचौघांत नवऱ्याला शिव्या घालायची. पोरासमोरही घालायची. पोराने त्या खऱ्या मानल्या.

दीर पुढे दहाबारा वर्षं जगला. तेवढी वर्षं आजी कपाळाला कुंकू लावून त्याच्या घरात राबली. त्याने तिला हात लावला नाही. दीर मेल्यावर तरी सांगायचं होतं, मी म्हटलं.

"मी तेच म्हटलं. तर म्हणाली, आता सांगून काय? पोरगा म्हणेल, माज्या बापसाला वाटंवर टाकलीस. त्यापेक्षा बापावर रागवूदे. तो कुटं ऐकतोय!"

आजी गेली तेव्हा मी लहान होते. तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, बायका सवाशीण गेली म्हणून पाया पडल्या. वडील अंगणातून ओरडले होते, "कुणाच्या नावानं हिरवी साडी? काढा ती!" आत्या तेव्हा आजीच्या उशाशी बसलेली मला आठवते.

"त्या दिवशी सांगणार व्हते," ती म्हणाली. "तोंड उघडलं पण. दंडाला नखं लागल्यागत झालं, बघ." तिने दंडावरून हात फिरवला. "आवशीला एकच पडलेलं. आजारात सारकी इचारायची. काय केलानी त्याचं? जाळलानी का पुरलानी? मी कुटनं सांगणार? पेपरात आसंल ना?"

मी पाटीतला एक रातांबा उचलला.

"खरं सांग, बाय."

"पुरलं," मी म्हटलं. "तिथेच, रस्त्याच्या कडेला."

तिने मान हलवली आणि पाटी पुढे ओढून घेतली. नंतर, मी निघताना म्हणाली, "एकदा न्हेशील काय तिथं?"

पुढच्या आठवड्यात मी भाड्याची गाडी केली. हातखंब्याच्या त्या बाजूला चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं. डोंगराची कड उभी कापलेली, लाल माती उघडी, जेसीबी उभे. जुना रस्ता कुठून जात होता तेही सांगता येईना. आंब्याचं झाड तर सोडाच, एक झुडूपही नव्हतं. मी एका कामगाराला विचारलं, खणताना काही सापडलं होतं का. तो परप्रांतातला होता, त्याला माझं बोलणं कळलं नाही. आत्या गाडीतून उतरली नाही. काचेतून बघत राहिली आणि म्हणाली, "चल, ऊन चढलं."

भावाला मी सगळं सांगितलं. तो दुकानाच्या मागे गोणींवर बसून ऐकत होता. मला वाटलं होतं, तो आजीवर चिडेल. तो आत्यावर चिडला.

"आजी मेली तेव्हा बाबा चाळिशीचेही नव्हते," तो म्हणाला. "नंतर हिच्या हातात एवढी वर्षं होती. बाबा बसून झोपायचे तेव्हा ही भेटायला यायची. पेज भरवायची त्यांना. तेव्हा एक वाक्य बोलता आलं नसतं?"

"ती सात वर्षांची होती रे."

"बाबा मेले तेव्हा सात वर्षांची होती?"

प्रतिज्ञापत्रावर त्याने 'मयत' लिहिलं, सही केली, आणि मुलीचा दाखला पावसाळ्याच्या तोंडावर आला. पेढे वाटायला तो आत्याकडे गेला नाही. ती मला फोनवर विचारायची, "दुकानवाला बरा हाय ना?" मी बरा आहे म्हणायचे.

भाद्रपदात वडिलांच्या म्हाळाला भटजींनी आजोबांचं नाव विचारलं, तेव्हा भावाने ते पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. घेतलं आणि उठून परसात गेला. कितीतरी वेळ आला नाही. भटजी खोळंबले.

आत्या दिवाळीच्या आधी गेली. दुपारी जेवली आणि पडवीत आडवी झाली, ती उठली नाही. मी भावाला कळवलं. तो म्हणाला, येतो. आम्ही थांबलो. मग ऊन कलायला लागलं, तशी माणसं म्हणाली, आता न्यायला हवं. मी पुन्हा फोन केला.

"बाजारपेठेच्या टोकापर्यंत आलोय," तो म्हणाला. "पाय पुढे निघत नाही गो."

मी फोन ठेवला. तिला नेलं. परत येताना तिच्या लेकाने मला विचारलं, आजोबा दिसायला कसे होते, आई कधी काही बोलली होती का. मी विचार करून बघितलं. ती बोटाबद्दल बोलली होती, चेहऱ्याबद्दल कधीच नाही. फोटो आमच्याकडे नव्हता. त्यांना जिवंत पाहिलेलं शेवटचं माणूस आम्ही नुकतंच जाळून आलो होतो.