डाग कळला नव्हता

अपमान झाला हिराबाईचा, माझ्या आईचा. गेल्या वर्षी, भाताच्या आवणीच्या दिवसांत, मंगळवारी सकाळी साडेदहाला, कर्जतमधल्या एका खासगी दवाखान्यात. मी शेजारीच उभा होतो. गप्प.

आठ महिने तिची पाठ ठणकत होती. काम करताना कमी, आडवं झालं की जास्त. आता चिखलात पाय कुठं पडतो तेही कळेना. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "मोळ्या वाहतेस ना गं? मग पाठ दुखणारच. इंजेक्शन घे."

चौथं इंजेक्शन.

आईनं नडगी पुढं केली. वाडीतल्या भगतानं उपाय म्हणून तापल्या विळ्यानं दिलेला डाग. अजून ओला. "सायेब, चटका बसला तवा मला कळलाच नाय."

तो हसला. नर्सला म्हणाला, "बघा, आणखी एक भाजून आली. जंगल सुटत नाही यांचं."

मला शरम वाटली. त्याची नाही, आईची. वाड्यावाड्यांत 'डाग देऊ नका' अशी पत्रकं वाटणारा मीच. बाहेर येऊन खेकसलो, "झाकायचा ना तो डाग!"

"झाकू कशाला रं? दुखला नाय, त्येच तं सांगत व्हते."

ती रोग सांगत होती. आम्ही दोघं शिकलेले तिची अक्कल काढत होतो.

आवणी उरकायच्या आत तिचे पाय गेले. लघवी अडली. चादरीच्या झोळीतून डांबरीपर्यंत आणली, तिथून मुंबईच्या सरकारी रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी त्या डागाभोवती टाचणी टोचून पाहिली. मग एमआरआय. मणक्याच्या आत गाठ, मज्जारज्जू दाबणारी. बाई म्हणाल्या, "अशा गाठी सगळ्या सारख्या नसतात. काहींवर नुसती नजर ठेवतो, काहींना रेडिएशन, केमो लागतं. यांची काढायलाच हवी. उशीर झालाय."

काढली. तपासली. कॅन्सर नव्हता. आई आज काठीनं चालते. डाव्या पायाचा तळवा बधिर तो बधिरच.

रिपोर्ट घेऊन आम्ही मायलेक कर्जतला त्याच टेबलासमोर गेलो. तो म्हणाला, "हिला तेव्हाच मुंबईला न्यायचं होतंस."

"हिला नाही. यांना. आणि यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"आवाज खाली कर."

केला नाही. यापुढं करणार नाही.

पत्रकात 'डाग देऊ नका' आहेच. खाली आता दुसरी ओळ आहे: चटका कळला नसेल तर डाग झाकू नका, दाखवा.

तुमच्या घरात कुणाची पाठ महिनोन्महिने दुखतेय? त्याला डोळे मिटायला सांगा. पायाच्या तळव्याला बोट लावा. विचारा, कळतं का. नसेल कळत, तर आजच मोठ्या रुग्णालयात न्या. तिथं कुणी हसलं, तर माझ्यासारखे उभे राहू नका. बोला.