आमच्या हद्दीत टोळी नाही

आधीच माफी मागतो. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्दही साधेच. पण पोलीस चौकीत किस्से आपोआप साठतात, मागच्या अंगणात जप्तीच्या सायकली साठतात ना, तसे. कुणी न्यायला येत नाही, आणि आपल्याला टाकवतही नाहीत!

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी गिरणगावातल्या एका चौकीत नवा शिपाई. एक प्रोफेसर वरून परवानगी घेऊन आले. गुंडांच्या टोळ्या किती, कुठे, कोणाच्या, हे त्यांना प्रत्येक चौकीत विचारायचं होतं. वाट दाखवायला आमच्या राणे हवालदारांनी मला दिलं.

"याला न्या साहेब. हा पोलिसात भरती झालाय की देवळात, तेच आम्हाला अजून कळलेलं नाही!"

चौकीत कुजबुज होती की ज्यांची नावं प्रोफेसरांच्या कागदात जातील, त्यांना पुढच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी उचलणार. मी म्हटलं, गुंड आत गेले तर बरंच की!

*

पहिला प्रश्न राण्यांनाच. तुमच्या हद्दीत टोळ्या किती?

"आमच्या हद्दीत टोळी नाही. सगळ्या रस्त्याच्या पलीकडे!"

आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या चौकीत गेलो. तिथले हवालदार पान चघळत म्हणाले, "आमच्याकडे कुठल्या टोळ्या? सगळ्या रस्त्याच्या पलीकडे, राण्याच्या हद्दीत!"

परत येताना प्रोफेसर भर रस्त्यात थांबले. "अरे, मग त्या राहतात तरी कुठे?"

मागून ट्रामवाला घंटी बडवत ओरडला, "ओ साहेब, रुळावर काय बिऱ्हाड करताय?"

*

भायखळ्याचे हवालदार मात्र सरळ माणूस. टोळी आहे म्हणाले. त्यात माणसं किती, हे विचारल्यावर डोकं खाजवून म्हणाले, "मला काय ठाऊक? ए, बाबूदादाला बोलवा रे!"

बाबूदादा आला. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री. चहा घेतला, प्रश्न नीट ऐकून घेतला आणि हळूच विचारलं, "शीवच्या दादानं किती माणसं सांगितली?"

"ते सांगता येत नाही," प्रोफेसर म्हणाले.

"मग त्याच्यापेक्षा पाच जास्त लिहा!"

जाताना दारातून परत फिरला. "साहेब, छापून येणार ना? फोटो आणून देऊ?"

*

गिरगावात एक शिकलेले इन्स्पेक्टर भेटले. टोळी ओळखायची कशी, हा प्रश्न त्यांना फार आवडला.

"सोपं आहे. पोशाखावरून ओळखू येतात. बसायची जागा ठरलेली. एकजण हुकूम सोडतो, बाकीचे ऐकतात. आणि हॉटेलवाला त्यांच्याकडे चहाचे पैसे मागत नाही."

तेवढ्यात हॉटेलचा माणूस आला, आमचे रिकामे कप उचलले आणि पैसे न मागता निघून गेला.

प्रोफेसरांची पेन्सिल थांबली. मला कुजबुजत म्हणाले, "हे सगळं लिहू?"

मी म्हटलं, "पोशाखाचं तेवढं गाळा साहेब!"

*

शेवटी कागद गोळा करायला आम्ही आमच्या चौकीत आलो. मधल्या काळात वरून निरोप आला होता, 'टोळी नाही' हे उत्तर चालणार नाही. राण्यांनी उत्तर भरून ठेवलं होतं. मी ते वाचलं. 'टोळी : चाळीतलं लेझीम पथक. म्होरक्या : सदा.'

सदा माझा धाकटा भाऊ! रेल्वेत अर्ज गेलेला, पोलिसांचा दाखला तेवढा बाकी.

"हवालदारसाहेब, हा आपला सदा आहे!"

"म्हणून तर नाव आठवलं! खऱ्या गुंडांची नावं लिहू? मला रोज त्याच रस्त्यानं घरी जायचंय!"

"पण त्याला आत घेतील! नोकरी जाईल हातची!"

"शाईनं लिहिलंय रे. आता काय करू?"

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी फुटला. प्रोफेसरांना म्हटलं, "साहेब, एवढं विचारत फिरलात. एक टोळी डोळ्यांनी बघून तर घ्या!"

*

दुपारीच त्यांना आमच्या चाळीत नेलं. राणेही आले. अंगणात प्रोफेसरांना स्टूल दिलं. सदानं शिट्टी फुंकली, हलगी वाजली, लेझीम सुरू झाली.

पहिल्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. गंगूमावशी! हातात बादली, तोंडात मालवणी.

"मेल्यांनो! रातपाळी करून झील निजलोहा माझो! ती लेझीम चुलीत घालतंय तुमची!"

पाणी खाली येण्याआधी अंगण रिकामं! हलगीवाला जिन्याखाली. म्होरक्या सदा टाकीमागे. राणे हवालदार माझ्यामागे.

एकटे प्रोफेसर स्टुलावर, भिजलेले.

"आणि तू रे कोणाचो?" मावशी वरून ओरडली. "हंय बसान काय करतंस?"

प्रोफेसर उठले, टोपी काढली. "निघालोच, मावशी."

गल्लीच्या तोंडाशी येऊन प्रोफेसर थांबले. माझ्याकडून कागद घेतला, लेझीम पथक आणि सदाचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'म्होरक्या : गंगूमावशी. माणसे : एक. दहशत : संपूर्ण चाळ, पोलिसांसह.'

कागद राण्यांपुढे धरला. "बरोबर आहे ना?"

राण्यांनी मागे वळून चाळीकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी युनिफॉर्म चढवला, कागद बगलेत मारले आणि वरच्या ऑफिसला निघालो. नळावर गंगूमावशी उभी होती. मी कागद खाली ठेवले आणि आधी तिच्या दोन्ही बादल्या पहिल्या मजल्यावर पोचवून आलो.