गव्हर्नर आणायला पेटी घेऊन गेलो

"गव्हर्नर माफी," विमानतळावर कार्गोच्या खिडकीतला माणूस तिसऱ्यांदा म्हणाला. अरबीत 'माफी' म्हणजे नाही. पण मीही घामाने निथळत, पेंढा भरलेली लाकडी पेटी पायाशी ठेवून अडून बसलो होतो. तार आली होती, म्हणजे माल आलाच पाहिजे.

साठच्या दशकात मी कुवेतमध्ये शुऐब्याला एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत डिझेल मिस्त्री होतो. आमच्या कॅम्पचा जनरेटर महिनाभर पिसाळला होता. डिझेल इंजिनाला गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. वेग वाढला की तो डिझेल कमी करतो, वेग पडला की वाढवतो. आमच्या गव्हर्नरची स्प्रिंग थकली होती. त्यामुळे पंखे कधी गरगरत, कधी पेंगत.

स्प्रिंगखाली दोन वायसर टाकून ताण वाढवू, असं मी मॅनेजरला सुचवलं. तो इंग्रज भडकला. "ओरिजिनल पार्टशिवाय हात लावायचा नाही! आणि गुरुवारपर्यंत जनरेटर सुधारला नाही तर तू बोटीने घरी."

पार्ट अमेरिकेहून यायचा होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात तीन वर्षं खटपट करून बायकोचा व्हिसा नुकताच हाती आला होता. ती पुढच्या महिन्यात येणार, आणि मीच घरी? माझं जेवणावरून मन उडालं.

बुधवारी स्टोअरकीपर कासमभाई तार नाचवत आले. राजापूरचा माणूस, आनंद झाला की अख्ख्या यार्डाला कळायचं. "बरां झालां मिस्त्री! आयला तुमचा गव्हर्नर!"

तारेत होतं, 'गव्हर्नर अरायव्हिंग थर्सडे मॉर्निंग. मीट एअरपोर्ट.' ऑफिसातल्या क्लार्कने 'गव्हर्नर' वाचलं आणि तार सरळ स्टोअरला धाडली होती. 'मीट' हा शब्द मला जरा खटकला.

"अमेरिकेची मानसां," कासमभाई म्हणाले, "सामानाला पन मान देतात."

मला ते पटलं.

तर गुरुवारी त्या खिडकीशी माझा आवाज चढला, तेव्हा मागून कुणी खांद्याला हात लावला. उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. हातात हॅट आणि बॅग. "तुम्ही गव्हर्नरला शोधताय? तो मीच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही यात मावणार नाही."

तिकडे अमेरिकेत राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात, आणि पद गेलं तरी हाक मरेपर्यंत तीच. हे माजी गव्हर्नर आता आमच्या मूळ कंपनीचे डायरेक्टर होते. घोटाळा कळल्यावर ते इतके हसले की त्यांना त्या पेटीवरच बसावं लागलं.

पिकअपमध्ये त्यांनी सगळी कारकीर्द सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा. मळणीयंत्रं दुरुस्त करत वकिली शिकले. मेयर झाले. गव्हर्नरच्या निवडणुकीत दोनदा पडले, तिसऱ्यांदा आले. पुढच्या खेपेला लोकांनी घरी बसवलं.

"का साहेब?"

"रस्त्यांसाठी टॅक्स वाढवला. रस्ते झकास झाले. विरोधक त्यांच्यावरूनच गाडी पळवत प्रचाराला फिरला."

आता मला हसू आवरेना. त्या भरात मी वायसर, बोट, बायको, सगळं सांगून टाकलं.

"फक्त दोन?" ते म्हणाले. "बापाच्या यंत्रात मी तीन टाकले होते."

डायरेक्टरना पेंढ्याच्या पेटीशेजारून उतरताना पाहून मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. गव्हर्नरांनी कोट काढून त्याच्याच हातात दिला. "जनरेटर कुठे आहे?"

"सर, ओरिजिनल पार्ट अजून..."

"ओरिजिनल गव्हर्नर आलाय की!"

मॅनेजरने टॉर्च धरला. मी दोन वायसर टाकले. इंजिन चालू केलं, ते अजून डुलत होतं. गव्हर्नरांनी तीन बोटं वर केली. तिसरा वायसर टाकला आणि इंजिनाचा सूर लागला. पंखे एका चालीत फिरू लागले. कासमभाई नाचले. मी ग्रीसच्या हातांनी गव्हर्नरांना मिठी मारली आणि त्यांचा शर्ट कायमचा बाद केला. इतका आनंद मला निकाहाच्या दिवशीही झाला नव्हता.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, वायसरची आयडिया फार चांगली होती गव्हर्नरांची."

"येस सर," मी म्हणालो.

ज्या बोटीने मला घरी धाडणार होते, त्याच बोटीने पुढच्या महिन्यात बायको आली. तिला सगळी हकीगत रंगवून सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं.

"तीन वायसर टाकायचे होते ना?" ती म्हणाली. "मग इचारत कशाला बसलात?"

तेव्हापासून मी आधी काम करतो, परवानगी नंतर मागतो.