कोपऱ्यातल्या पिंपाची घट

आन्सेल्म बुरगाद हा गारोन नदीकाठच्या व्हेरनेय या द्राक्षमळ्याच्या इस्टेटीत वाइनच्या पिंपांच्या कोठीचा मुख्य होता आणि माणसांच्या बाबतीत भलताच संशयी. बाजारातून आणलेली अंडीसुद्धा तो कानाशी हलवून बघायचा. कोठीची किल्ली कमरेला बांधूनच चर्चला जायचा. बायको ओदेत म्हणायची, "देवही चोरी करील असं वाटतं का रे तुला?"

वाइन लाकडातून हळूहळू उडून जाते, म्हणून पिंपं अधूनमधून काठोकाठ भरून घ्यावी लागतात. त्या हिवाळ्यात कोपऱ्यातल्या एका पिंपाला दर खेपेला इतरांपेक्षा जास्तच भर लागू लागली. आन्सेल्मने दिवा धरून सांधे पाहिले, खालची जमीन चाचपली. ओल कुठेच नव्हती. म्हणजे कुणीतरी पीत होतं.

त्याची नजर गास्ताँवर गेली. गास्ताँ म्हणजे ओदेतचा धाकटा भाऊ, पिंपं बांधणारा आणि दुरुस्त करणारा. कामासाठी कोठीत ये-जा त्याचीच, आणि हल्ली तो गाणीही फार म्हणू लागला होता. कानात काही सांगायच्या मिषाने आन्सेल्म त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हुंगू लागला.

"दाजी, मुका घ्यायचाय का?" गास्ताँ मागे सरकत म्हणाला. "आधी दाढी तरी करून या!"

कोठीतले सगळे हसले. आन्सेल्मला ते हसणंसुद्धा ठरवून केल्यासारखं वाटलं.

वेलींची छाटणी संपली त्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसले. गास्ताँने तिथल्या रिवाजाप्रमाणे वाडग्याच्या तळाशी उरलेल्या गरम सुपात वाइन ओतली आणि वाडगं तोंडाला लावलं.

"चोरून प्यायची सवय झाली, की अशी चारचौघांत प्यायला मजा येत नसेल," आन्सेल्म मोठ्याने म्हणाला.

"काय ते सरळ बोला."

"कोपऱ्यातलं पिंप कोण रिकामं करतंय, ते तूच सांग."

गास्ताँने वाडगं खाली ठेवलं आणि बहिणीकडे पाहिलं. ओदेत मान खाली घालून पाव मोडत होती. दुसऱ्या दिवशी गास्ताँ हत्यारं गुंडाळून नदीपलीकडच्या इस्टेटीत कामाला गेला.

पिंप मात्र घटतच राहिलं.

आता आन्सेल्मची झोप उडाली. किल्ली त्याच्या कमरेवरून सुटायची ती फक्त दुपारच्या डुलकीपुरती. एका दुपारी तो डोळे मिटून पडून राहिला. ओदेतने हलकेच खुंटीवरची किल्ली काढली. थोड्या वेळाने ती कोठीतून बाहेर आली, तेव्हा तिच्या एप्रनखाली काहीतरी होतं. तो तिच्या मागोमाग मालकांच्या मोठ्या घराचा मागचा जिना चढला.

वर थोरल्या मालकीणबाई अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी आणि मुलाने त्यांची वाइन साफ बंद केली होती. ओदेतने त्यांच्या ओठांना पेला लावला होता. त्या घोट बराच वेळ तोंडात घोळवत होत्या. ज्या शेवटच्या सुगीला त्या स्वतः मळ्यात उभ्या राहिल्या होत्या, तिचीच ही कोपऱ्यातल्या पिंपातली वाइन.

दारातल्या आन्सेल्मला पाहून त्या म्हणाल्या, "जा, सांग माझ्या मुलाला."

"मी काही पाहिलंच नाही, बाईसाहेब," तो म्हणाला.

खाली आल्यावर त्याने ओदेतला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"आधी विचारलं असतंस, किती नेलीस. मग विचारलं असतंस, का नेलीस. गास्ताँला सगळं ठाऊक होतं. माझ्यासाठी गप्प राहिला तो. आणि मीही त्या दिवशी गप्पच राहिले."

त्याच संध्याकाळी आन्सेल्म नदीपलीकडे गेला. गास्ताँ पिंपावर लोखंडी कडं ठोकत होता.

"या दाजी. आता काय हरवलं?"

"काही नाही. चुकलो मी."

गास्ताँने कड्यावर आणखी दोन घाव घातले. मग म्हणाला, "ही बाजू धरा जरा, कडं सरकतंय." आन्सेल्मने ती धरली.

गास्ताँ व्हेरनेयला कामाला कधीच परतला नाही. रविवारी जेवायला तेवढा येऊ लागला. मालकीणबाई वेलींना पालवी फुटायच्या आत गेल्या. तोवर त्यांचा पेला आन्सेल्म स्वतः भरून ओदेतच्या हाती द्यायचा. आणि ती जिना उतरून आली, की तिने वाटेत एखादा घोट घेतला नाही ना, हे तिचं तोंड हुंगून बघायचा.