मामीच्या हाताचं माप

आमची मामी उंचीने बेताची, आवाजाने नाही. बांधकामावर ती क्रेनवाल्याला खालून वॉकीटॉकीवर सांगायची. वर केबिनमधून त्याला इमारतीची मागची बाजू दिसत नाही, त्यामुळे मामी म्हणजेच त्याचे डोळे. "घे, घे, वीतभर राहिलं, बोटभर, टेकलं," एवढ्यावर तिने मजल्यामागून मजले चढवले. मग जुना क्रेनवाला निवृत्त झाला आणि नवा आला तो परदेशी. त्याला इंग्रजीच कळे आणि मामीला नेमकं तेच येईना.

जमत नसेल तर फाटकावर बसा, असं साहेबांनी सांगून टाकलं. त्या रात्री मामी जेवली नाही म्हणे, पण मामाचं बोलणं मी निम्मंच खरं धरते. शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्याच साइटवर मी स्टोअर सांभाळते. मामीने घरच कामाला लावलं. मामा टीव्हीजवळ असला की 'नियर', तिच्या शेजारी बसला की 'नेक्स्ट टू', तिच्या ताटातलं उचलू लागला की 'टू क्लोज'. हात पोचेल इतक्या अंतराला मी 'आर्म्स लेंग्थ' दिला, केसाएवढ्या फटीला 'हेअर्स ब्रेड्थ'. तिथे जीभ वळता वळेना, पण मामी हटेना.

वाळूच्या गोण्यांवर चाचणी झाली. मामी "आर्म्स लेंग्थ" म्हणाली आणि गोण्या खाली आदळून फुटल्या. उद्या मोठी काच उतरवायची आहे, ती शेवटची संधी, असं बजावून साहेब निघून गेले. मला रडूच फुटलं, शब्द माझा होता ना. मामी मात्र तरातरा क्रेनपाशी गेली. त्या ताडमाड माणसाला खाली बोलावलं, स्वतः फुटक्या गोणीवर चढली, त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि दोघांचे हात समोर धरले. तिची बोटं त्याच्या मनगटाशीच संपली. तो बघत राहिला, मग खो खो हसला. तिने आपल्या हाताने मोजलं होतं, त्याने आपल्या हाताने उतरवलं होतं.

"माय आर्म," मामीने त्याला ठणकावून सांगितलं. मग तिची वीत ठरली, तिचं बोट ठरलं. भिंतीला बोट टेकवून त्याने याला तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारलं, तेही तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काच दोन खांबांमध्ये उतरू लागली. सगळे हातातलं काम टाकून उभे.

"नियर. क्लोज. माय आर्म." काच थांबली. मामीने चौकटीला खांदा लावून हात वर केला, बोटं बरोब्बर काचेला लागली. "माय फिंगर. हेअर्स ब्रेड्थ." जीभ जराही अडखळली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "टचिंग."

काच चौकटीत बसली, आवाजसुद्धा झाला नाही. वॉकीटॉकी खरखरली आणि वरून त्याचा भला मोठा आवाज आला, "टेकलं."

साइटभर टाळ्या कडाडल्या. मी तर नाचलेच. मामीने वॉकीटॉकी कमरेला खोचली आणि फाटकासाठी दुसरं माणूस शोधा, असं साहेबांना सांगून टाकलं.